मुलगी सोरॉरिटीत जायचं म्हणते तेव्हा: अमेरिकेतल्या मराठी आईवडिलांना खुलं पत्र

अमेरिकेतल्या मराठी आईवडिलांना आणि महाराष्ट्र मंडळांच्या कार्यकारिणींना,

सप्रेम नमस्कार.

आपल्या मुली कॉलेजला गेल्या की पहिल्या वर्षातच कधीतरी फोनवर विचारतात, 'आई, मी सोरॉरिटीत जाऊ का?' आणि आपण गडबडतो. सोरॉरिटी म्हणजे इथल्या कॉलेजातल्या मुलींची, ग्रीक अक्षरांच्या नावाची संघटना. आपल्यापैकी बहुतेकजण इथे आलो ते मास्टर्स करायला, नाहीतर नोकरीच्या व्हिसावर. इथलं पदवीपूर्व कॉलेजचं आयुष्य आपण जगलेलोच नाही. ग्रीक अक्षरांची जॅकेटं घातलेल्या मुली लांबून पाहिल्या असतील, तेवढंच. त्यामुळे सोरॉरिटी म्हटलं की पार्ट्या, दारू, एकसारखे कपडे, रंगरूपावरून निवड, असलं काहीतरी डोळ्यांसमोर येतं. मग एक तर 'शिकायला गेली आहेस, शिक' म्हणून आपण विषय मिटवतो, नाहीतर मुलगी नाराज नको व्हायला म्हणून पैसे भरून मोकळे होतो. दोन्ही वेळा नीट चौकशी होत नाही. लग्नाचं स्थळ आलं तर आपण त्या घराच्या तीन पिढ्या विचारून घेतो. आयुष्यभराचं सभासदत्व असलेल्या संघटनेबद्दल मात्र एक साधा प्रश्नही विचारत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

मी मेरीलँडमध्ये राहते आणि एका हॉस्पिटलात नर्स आहे. माझी मुलगी दक्षिण आशियाई मुलींच्या एका सोरॉरिटीची सभासद आहे. पदवी घेऊन तिला बरीच वर्षं झाली, नोकरीपायी गावं बदलली, तरी सभासद आहेच. आणि माझ्या वॉर्डात ज्यांच्या हाताखाली मी तयार झाले त्या चार्ज नर्सबाई कृष्णवर्णीय स्त्रियांच्या एका जुन्या सोरॉरिटीत कॉलेजच्या दिवसांपासून आहेत. या दोघींमुळे हे जग मी बाहेरची असूनही बऱ्यापैकी जवळून पाहिलं आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे: सोरॉरिटी कशी आहे हे तिथल्या वीस वर्षांच्या मुलींवरून ठरवू नका. तिथल्या पन्नास-साठीच्या बायका काय करतात ते बघा, आणि मुलीलाही तेच बघायला सांगा. एकत्र राहायचं घर, पार्ट्या, फोटो हे सगळं चार वर्षांत संपतं. त्यानंतर उरतात त्या बायका. त्या एकमेकींच्या आणि गावाच्या उपयोगी पडत असतील तर मुलीला बिनधास्त जाऊ द्या. त्या दिसतच नसतील, किंवा दिसू नयेत असं काही करत असतील, तर तिला थांबवा.

हे मी कशावरून म्हणते ते सांगते.

अमेरिकेतल्या कॉलेजांनी मुलींना प्रवेश द्यायला सुरुवात केली तेव्हा त्या वर्गात मूठभर असायच्या आणि मुलांच्या अशाच संघटनांमध्ये, म्हणजे फ्रॅटर्निटींमध्ये, त्यांना जागा नव्हती. म्हणून 1870 मध्ये इंडियानात, आज डीपॉ युनिव्हर्सिटी म्हणतात त्या कॉलेजात, बेटी लॉक आणि तिच्या मैत्रिणींनी कॅपा अल्फा थीटा काढली. इलिनॉयच्या मनमथ कॉलेजात पाय बीटा फाय त्याआधी, 1867 मध्येच निघाली होती. बायकांच्या मताधिकाराच्या लढ्यात शेवटच्या टप्प्यात नेतृत्व करणाऱ्या कॅरी चॅपमन कॅट या पाय बीटा फायच्या सभासद. अशा जुन्या संघटनांचा नॅशनल पॅनहेलेनिक कॉन्फरन्स हा समूह 1902 पासून आहे. दारात टाळ्या वाजवणाऱ्या मुलींचे जे व्हिडिओ तुम्ही पाहता ते बहुतेक यांच्या चॅप्टर्सचे, म्हणजे कॉलेजाकॉलेजातल्या शाखांचे असतात.

पण आयुष्यभर म्हणजे काय, हे मला कळलं ते दुसऱ्या परंपरेकडे पाहून. वॉशिंग्टनच्या हॉवर्ड युनिव्हर्सिटीत 15 जानेवारी 1908 ला अल्फा कॅपा अल्फा सुरू झाली. ग्रीक अक्षरांची, कृष्णवर्णीय विद्यार्थिनींची ही पहिली संघटना. कमला हॅरिस 1986 मध्ये तिथेच तिच्या सभासद झाल्या. 2020 मध्ये उपाध्यक्षपदाची उमेदवारी स्वीकारताना त्यांनी आपल्या कुटुंबातली माणसं सांगितली, त्यात चेन्नईकडच्या चिथ्थी, म्हणजे तमिळमध्ये मावश्या, होत्या आणि ही सोरॉरिटीही होती. आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर चिथ्थींचं कौतुक दोन दिवस चाललं. सोरॉरिटीचं नाव त्यांनी का घेतलं असेल, हे कुणी विचारल्याचं मला आठवत नाही.

त्याच हॉवर्डमध्ये 13 जानेवारी 1913 ला 22 मुलींनी डेल्टा सिग्मा थीटा काढली. त्यांना सार्वजनिक कामात उतरायचं होतं. सातच आठवड्यांत, 3 मार्चला, वुड्रो विल्सन यांच्या शपथविधीच्या आदल्या दिवशी, त्या वॉशिंग्टनच्या रस्त्यावर मताधिकाराच्या मोर्चात चालत होत्या. दक्षिणेतल्या गोऱ्या बायका बिथरतील म्हणून संयोजकांना कृष्णवर्णीय बायका मोर्चात पुढे दिसायला नको होत्या. रस्त्यात पुरुषांचा जमाव घुसून मोर्चातल्या बायकांना शिव्या देत होता, धक्के मारत होता. तेव्हा कृष्णवर्णीय बायकांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या, पन्नाशीला टेकलेल्या मेरी चर्च टेरेल या कॉलेजच्या मुलींबरोबर चालल्या. 1920 मध्ये बायकांना मताचा हक्क मिळाला, पण दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय बायकांना तो खरोखर वापरता यावा असा कायदा व्हायला 1965 उजाडलं. 1913 च्या त्या मुलींपैकी ज्या तोवर हयात होत्या त्या सत्तरीच्या पुढे गेल्या होत्या. विशीत हाती घेतलेलं काम म्हातारपणापर्यंत पुरलं, आणि मधल्या काळात ते पुढे न्यायला संघटनेत नव्या मुली येत राहिल्या.

पुढे डेल्टात आलेल्यांपैकी एक डोरोथी हाइट. 1929 मध्ये न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजने त्यांना घेतलं आणि मग सांगितलं की वर्षाला दोनच कृष्णवर्णीय मुली घेतो, त्या भरल्या. त्या न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीत गेल्या. पुढे 1947 ते 1956 या काळात त्या डेल्टाच्या राष्ट्रीय अध्यक्ष होत्या आणि त्यानंतर चार दशकं नॅशनल काउन्सिल ऑफ नीग्रो विमेन या कृष्णवर्णीय बायकांच्या संघटनेच्या. 1963 च्या वॉशिंग्टन मोर्चात मार्टिन ल्यूथर किंग यांचं भाषण झालं त्या मंचावर त्या होत्या. भाषण करायला कुणी त्यांना सांगितलं नाही. 2010 मध्ये, 98 व्या वर्षी, त्या गेल्या, तोवर कामातच होत्या. एवढ्या मोठ्या संघटना चालवण्याचा सराव त्यांना डेल्टात झाला असणार, असं मला वाटतं. हजारो बायकांची वर्गणी, ठराव, निवडणुका, भांडणं, हिशेब हे सगळं तिथे होतं, आणि पुरुषांच्या परवानगीशिवाय होतं.

आता मला जे सगळ्यात जवळचं वाटतं ते सांगते, कारण ते माझ्या पेशातलं आहे.

1935 च्या उन्हाळ्यात अल्फा कॅपा अल्फाच्या काही बायका वॉशिंग्टनकडून निघून मिसिसिपीतल्या होम्स काउंटीत गेल्या. पुढारीण होत्या डॉ. डोरोथी फेरिबी. टफ्ट्समधून डॉक्टर झालेल्या, वॉशिंग्टनमध्ये प्रॅक्टिस करणाऱ्या. बरोबरच्या नर्स होत्या, शिक्षिका होत्या, सगळ्या याच सोरॉरिटीतल्या. आपापली कामं सोडून, आपल्या गाड्या काढून गेल्या. वर्णभेदाच्या त्या दिवसांत कृष्णवर्णीय बायकांनी दक्षिणेतून शेकडो मैल गाडी चालवत जायचं म्हणजे वाटेत खायला कुठे मिळेल, रात्री टेकायला कुठे मिळेल, याची काही खात्री नसे.

होम्स काउंटीत कापसाचे मळे. मळ्यांवर वाट्याने राबणारी कृष्णवर्णीय कुटुंबं, कर्जात बुडालेली, पोरांना डॉक्टर कधी दिसलेला नाही. फेरिबीबाईंनी गावोगावी दवाखाने लावायचं ठरवलं होतं. पण मळेवाले मजुरांना मळा सोडून येऊ देईनात. या बाहेरच्या शिकलेल्या बायका मजुरांना चिथावतील, संघटना करतील, हा त्यांना संशय. तेव्हा या बायकांनी दवाखाना गाडीत भरला आणि त्या मळ्यांवरच गेल्या. मळेवाल्यांची हत्यारबंद माणसं घोड्यावर बसून पाहत असायची आणि या पोरांना देवीची, घटसर्पाची लस टोचत असायच्या. आयांना खाण्यापिण्याचं, स्वच्छतेचं सांगायच्या. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा मिसिसिपीत आल्या. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातही. 1942 पर्यंत हे काम चाललं. महायुद्धात पेट्रोल आणि टायर रेशनवर गेले तेव्हा थांबलं.

मी रोज इंजेक्शनं देते. एसी खोली असते, फ्रीज असतो, बारकोड लावलेली कुपी असते, तरी रडणाऱ्या चार वर्षांच्या पोराचा दंड धरताना घाम फुटतो. जुलैतल्या मिसिसिपीत, गाडीच्या टपाला हात लावता येणार नाही अशा उन्हात, मागे बंदूकवाला उभा असताना या बायकांनी दिवसभर रांगा कशा उरकल्या असतील, हे मला माझ्या हातांवरून कळतं. त्या एकमेकींना कॉलेजच्या सुट्टीपुरत्या ओळखत असत्या तर पुढच्या वर्षी पुन्हा आल्या नसत्या.

आमच्या चार्ज नर्सबाईंचंही असंच. त्यांच्या सोरॉरिटीत पदवीनंतरचे वेगळे चॅप्टर्स असतात आणि खरं काम तेच करतात. महिन्यातला दुसरा शनिवार त्यांचा मीटिंगचा. मी वॉर्डात नवी असताना मला दिवाळीची सुट्टी हवी असली की त्या ड्यूटी बदलून द्यायच्या आणि त्या बदल्यात माझ्याकडून दुसरा शनिवार मागून घ्यायच्या. मला वाटायचं, बाईंना बाजारहाट करायचा असेल. एकदा त्यांनी मला बरोबर नेलं. चर्चच्या तळघरात रक्तदाब तपासायचं शिबिर होतं, एका टेबलावर मतदार नोंदणीचे अर्ज, दुसऱ्यावर शाळेतल्या मुलींच्या स्कॉलरशिपचे. सत्तरीच्या दोन बाई खुर्चीत बसून अर्ज तपासत होत्या आणि विशीतल्या मुली त्यांना कागद आणून देत होत्या. एका मुलीने आणलेल्या मतदार नोंदणीच्या अर्जावर तारीख टाकायची राहिली होती. त्या बाईंनी कागद परत केला आणि शांतपणे म्हणाल्या, 'तारखेवाचून हा अर्ज रद्द होईल, आणि मग तुझ्या आळसामुळे एक माणूस मत द्यायचा राहील.' मुलगी निमूटपणे तीन रस्ते पलीकडच्या त्या माणसाच्या घरी परत गेली. आपल्या मुलींना असं कोण बोलतं? आपण बोललो तर आई म्हणून बोलतो, बॉस बोलला तर पगार देतो म्हणून बोलतो. तिसरं कुणीतरी मोठं, हक्काचं, कामाबद्दल बोलणारं असावं लागतं.

चार्ज नर्सबाईंच्या आई वारल्या तेव्हा मी अंत्यविधीला गेले होते. आईही त्याच सोरॉरिटीतल्या. पांढऱ्या कपड्यांतल्या बायका रांगेने आत आल्या. काठी टेकत आलेल्या होत्या, कडेवर मूल घेतलेल्या होत्या. त्यांनी त्यांचा निरोपाचा विधी केला. पुढचे पंधरा दिवस बाईंच्या घरी जेवण कोण आणणार, विम्याचे कागद कोण बघणार, हे त्याच दिवशी जिना उतरताना ठरलं. मी परदेशात राहून माझ्या आईला शेवटचा निरोप फोनवर दिलेली बाई आहे. इथे आपल्याला चुलतमालत कुणी नाही. आपल्या मुलींनाही नसणार आहे. म्हणून हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

आता माझ्या मुलीचं थोडं सांगते. ती वीस वर्षांची असताना चॅप्टरची खजिनदार झाली. वर्गणी गोळा करायची, हॉलचं भाडं भरायचं, राष्ट्रीय कार्यालयाचा हप्ता वेळेवर पाठवायचा. हिशेबात ती हुशार होती, तो प्रश्न नव्हता. प्रश्न आला तो तिच्याच बरोबर सभासद झालेल्या एका मैत्रिणीने वर्गणी थकवली तेव्हा. नियमाप्रमाणे तिला निलंबित करायला हवं होतं. न करावं तर बाकीच्या म्हणणार, मैत्रिणीला सोडलं. मुलीने घरी फोन केला नाही, दोन वर्षांपूर्वी खजिनदार असलेल्या, आता नोकरी करणाऱ्या मुलीला केला. तिने सांगितलं, आधी विचार, पैसे का नाहीत. विचारल्यावर कळलं की त्या मुलीच्या वडिलांची नोकरी गेली होती आणि तिने कुणाला सांगितलं नव्हतं. मग दोघींनी बसून कागदावर हप्ते पाडले, ते चॅप्टरपुढे नाव न सांगता मंजूर करून घेतले, आणि पुढच्या वर्षीपासून अशा हप्त्यांचा नियमच केला. आज माझी मुलगी ऑफिसात टीम सांभाळते. तिला हे कुठल्या कोर्समध्ये शिकवलं नव्हतं. पैशाबद्दल मैत्रिणीशी तोंडावर बोलायचं, तिची लाजही राखायची आणि नियमही पाळायचा, हे ती तिथे शिकली.

पण हेच आयुष्यभराचं नातं वाईटही करू शकतं, आणि ते मी लपवणार नाही. सप्टेंबर 2013 मध्ये अलाबामा युनिव्हर्सिटीच्या विद्यार्थ्यांच्या 'क्रिमझन व्हाइट' या वृत्तपत्राने एक बातमी छापली. तिथल्या गोऱ्या सोरॉरिटींमध्ये उत्तम मार्कांची एक कृष्णवर्णीय मुलगी प्रवेश मागायला आली होती. आतल्या मुलींना ती हवी होती. माजी सभासदांनी मध्ये पडून तिचं नाव अडवलं. 1963 मध्ये गव्हर्नर वॉलेस याच युनिव्हर्सिटीच्या दारात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना अडवायला उभे राहिले होते, त्याला पन्नास वर्षं झाली होती. आतल्या काही मुलींनी उघडपणे तोंड उघडलं, कॅम्पसवर मोर्चा निघाला, युनिव्हर्सिटीच्या अध्यक्षांना निवड पुन्हा खुली करावी लागली आणि कृष्णवर्णीय मुलींना आमंत्रणं गेली. हे घडवणाऱ्या मुली विशीतल्या होत्या. अडवणाऱ्या बायका त्यांच्या आयांच्या वयाच्या, त्याच सोरॉरिटीच्या आजन्म सभासद होत्या. म्हणून मी म्हणते, मोठ्या बायका बघा. मिसिसिपीत गाडी घेऊन गेल्या त्याही मोठ्याच होत्या आणि अलाबामात नाव खोडलं त्याही. मुलीला ज्या हातांत देणार ते हात कसले आहेत हे आधी कळायला हवं. आपली मुलगी गव्हाळ वर्णाची असेल, नाव उच्चारायला अवघड असेल, तर जास्तच.

हेझिंगबद्दल थोडक्यात, कारण तिथे तडजोड नाही. नव्या सभासदाला रात्री जागवणं, उपाशी ठेवणं, दारू पाजणं, घाबरवणं हे आपल्याकडच्या रॅगिंगसारखंच आहे, आणि यात इथे मुलांचे जीव गेले आहेत. 'परंपरा आहे' हे उत्तर ऐकून घेऊ नका. डिसेंबर 2024 मध्ये हेझिंगविरोधी केंद्रीय कायदा झाला, त्यानुसार कॉलेजांना दोषी ठरलेल्या संघटनांची माहिती वेबसाइटवर द्यावी लागते आणि वर्षातून निदान दोनदा ती अद्ययावत करावी लागते. मुलीच्या कॉलेजची ती यादी उघडून वाचा, पाच मिनिटांचं काम आहे. मुलीला एक वाक्य पाठ करून द्या: 'हे माझ्या आईला सांगता येईल का?' ज्याचं उत्तर नाही असेल ते करायचं नाही. पैशांचंही आधीच विचारा. सेमिस्टरची वर्गणी, कपडे, सहली, राहण्याचा खर्च, सगळं मिळून. हप्ते मिळतात का, हेही विचारा. विचारायला लाजू नका. उत्तर कसं मिळतं त्यावरूनच बरंच समजतं.

आता आपल्या मुली ज्यात जास्त करून जातात त्या दक्षिण आशियाई सोरॉरिटी. सिग्मा सिग्मा ऱ्हो न्यूयॉर्कच्या सेंट जॉन्स युनिव्हर्सिटीत, कॅपा फाय गॅमा ऑस्टिनला, डेल्टा फाय ओमेगा ह्यूस्टनला, तिन्ही 1998 मध्ये सुरू झाल्या. ज्या मुलींनी त्या काढल्या त्या आज पन्नाशीला येऊन ठेपल्या आहेत. म्हणजे या सोरॉरिटींमध्ये अजून सत्तरीच्या बाई नाहीत, तारीख राहिली म्हणून अर्ज परत करणाऱ्या. त्या व्हायच्या आहेत, आणि त्या आपल्या मुली असणार आहेत. इतर सोरॉरिटींना शंभर वर्षांत जे सापडलं ते यांना आत्ता घडवायचं आहे. पहिली नोकरी, लग्न, मूल या तीन वळणांवर बहुतेक सभासद गळतात, असं माझी मुलगी सांगते. गळू नयेत म्हणून तिचा गट दर वर्षी एका शहरात भेटतो. पण भेटून नुसतं जेवून येऊ नका, काहीतरी काम हाती घ्या, असं मी तिच्या मागे लागलेली असते. आपल्या समाजात काम कमी आहे का? व्हिसावर नवऱ्याच्या मागे आलेल्या, गाडी न चालवता येणाऱ्या, घरात मार खाणाऱ्या बायका आमच्या इमर्जन्सीत येतात. त्यांची भाषा बोलणारी, त्यांना वकिलाकडे नेणारी माणसं लागतात. आपल्या मुलींना मराठी येतं, हिंदी येतं, इथला कायदा कळतो, त्यांच्यात डॉक्टर आहेत, वकील आहेत. आणखी काय हवं?

अमेरिकेतल्या बायकांच्या अशा मंडळांचं आपल्यावर ऋण आहे, हेही लक्षात असू द्या. 1886 मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी पंडिता रमाबाई फिलाडेल्फियाला आल्या. पुढच्या वर्षाच्या अखेरीस बॉस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन उभी राहिली आणि गावोगावी रमाबाई सर्कल्स निघाली. सभासद बाईने वर्षाला निदान एक डॉलर, सलग दहा वर्षं द्यायचा, अशी ती प्रतिज्ञा होती. त्या पैशांवर 11 मार्च 1889 ला मुंबईत शारदा सदन सुरू झालं. तिथे आलेली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, म्हणजे पुढच्या बाया कर्वे, महर्षी कर्व्यांच्या पत्नी. ज्या बायकांनी ते डॉलर दिले त्यांनी गोदूबाईंना कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी दहा वर्षं द्यायचं कबूल केलं होतं, म्हणून दिलं.

मंडळांच्या कार्यकारिणीला माझी विनंती आहे. आपण गणपती करतो, दिवाळी करतो, बारावी झालेल्या मुलांना हार घालतो. त्या सत्काराच्या दिवशी एक तास यासाठी ठेवा. सोरॉरिटीत जाऊन आलेल्या आपल्याच मुलींना बोलवा, आणि एखाद्या जुन्या कृष्णवर्णीय सोरॉरिटीतल्या ज्येष्ठ बाईंनाही बोलवा. आपल्या आसपास त्या असतात, शाळांत, हॉस्पिटलांत, कोर्टांत, आपण ओळख करून घेत नाही एवढंच. आयांनी मनातलं सगळं विचारावं. मुलींनी त्यांना विचारावं की पदवीनंतर तुम्ही एकमेकींसाठी आणि गावासाठी काय केलंत. ज्यांच्या मुली आधीच सभासद आहेत त्यांनी, मुलगी नोकरीला लागली की पहिल्या वर्षी, 'तुझ्या बहिणी कशा आहेत' हे फोनवर तितक्याच आपुलकीने विचारावं जितकं आपण तिच्या पगाराबद्दल विचारतो.

मेरीलँड, व्हर्जिनिया आणि वॉशिंग्टन परिसरातल्या कुठल्याही मंडळाने बोलावलं तर मी येईन. आमच्या चार्ज नर्सबाई आता निवृत्त झाल्या आहेत, त्यांनाही मी विचारून ठेवलं आहे आणि त्या आनंदाने तयार आहेत. फक्त महिन्याचा दुसरा शनिवार धरू नका, तो त्यांचा मीटिंगचा आहे.

आपली,
मेरीलँडमधली एक नर्स आणि एका सभासदाची आई